समुद्राची आणेवारी

वाशिम जिल्ह्यातले आमचे आसेगाव आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. समुद्राशी आमचा संबंध येतो तो दोनच निमित्तांनी. एक, मृगाचा पाऊस तिकडून येतो म्हणून. आणि दुसरे, आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेले सुके बोंबील तिकडून येतात म्हणून. पहिल्याची वाट सारा गाव पाहतो. दुसऱ्याची काही घरे पाहतात आणि उरलेली नाकाला पदर लावून पुढे सरकतात. अशा गावी बसून जगातल्या मासळीच्या मोजदादीवर लेख लिहावयाचा, आणि तोही मराठीच्या प्राध्यापकाने, म्हणजे कोरड्या विहिरीत पोहण्याचे वर्ग काढण्यासारखेच कोणी म्हणेल.

परंतु ज्यांच्या घरी मासळी शिजत नाही त्या वाचकांनीही लगेच पान उलटू नये. समुद्रातली मासळी मोजण्याची जी विद्या आज आपल्या किनाऱ्यावर रोज वापरात आहे, तिचे मूळ शेताच्या बांधावर आहे. आणि ती रुजविणाऱ्यांत दोन मराठी नावे ठळक आहेत. शिवाय ही गोष्ट केवळ माशांची नाही. शेजाऱ्याला आपली वही उघडून दाखवावी की नाही, हा जो प्रश्न भाऊबंदकीपासून राष्ट्रांच्या दरबारापर्यंत सगळीकडे उभा असतो, तोच येथेही आहे.

आधी अडचण काय ती पाहू. रानातली झाडे मोजता येतात, गोठ्यातली गुरे मोजता येतात, माणसांची तर दर दहा वर्षांनी खानेसुमारी करण्याची प्रथाच आहे. मासा मात्र दिसत नाही आणि एका जागी थांबतही नाही. जाळ्यात येतो तेव्हाच तो हिशेबात येतो, आणि जाळ्यात आला म्हणजे तो समुद्रातून वजा झालेला असतो. तेव्हा समुद्रात शिल्लक किती, हे ठरवावयाचे ते काय बाहेर आले, किती श्रमाने आले आणि केवढ्या आकाराचे आले, यांवरून. खर्चाच्या नोंदींवरून तिजोरीतली रक्कम ताडावी, तसा हा प्रकार. त्यात पुन्हा तिजोरी एक आणि किल्ल्या अनेक देशांच्या कमरेला! एकाने जरी खर्च लपविला तरी बाकीच्यांचा ताळा चुकतो.

आता शेताच्या बांधावर येऊ. पूर्वी पीक किती आले हे ठरे ते आणेवारीने. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. त्या मानाने यंदाचे पीक दहा आणे की सहा आणे, हे गावचा पटवारी नजरेने ठरवी. आणे कमी लागले तर शेतसाऱ्यात सूट वा तहकुबी मिळण्याची आशा असे. त्यामुळे शेतकऱ्याला आकडा लहान हवा असे आणि तिजोरीला मोठा. आकड्यावर कोणाचा तरी नफा-तोटा टांगलेला असला की तो आकडा सरळ उभा राहत नाही, एका अंगाला कलतो. आज आण्यांचे पैसे झाले, तरी पैसेवारी पन्नासच्या खाली लागली की वर, यावरून पारावर होणारी चर्चा ज्यांनी ऐकली आहे त्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

हा नजर-अंदाज मोडून काढण्याचे काम 1940 च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत ज्यांनी हाती घेतले, त्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे प्रमुख होते. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचे. जन्म 1911 चा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे लंडनमध्ये. दुसरे नाव विनायक गोविंद पानसे यांचे. ते इंदूरच्या कृषी संशोधन संस्थेत कपाशीवर काम करीत होते आणि त्यांच्या पाहणीची क्षेत्रे मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या कपाशीच्या शेतांत होती. त्या काळी आमचा हा भाग अकोला जिल्ह्यातच मोडे. वाशिमचा वेगळा जिल्हा झाला तो 1998 साली. या दोघांनी मिळून 1954 साली लिहिलेले शेतीविषयक संख्याशास्त्राचे पुस्तक कृषी महाविद्यालयांच्या पिढ्यान् पिढ्यांनी अभ्यासले.

त्यांची रीत सांगावयास सोपी आहे. गावे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, गावातली शेते चिठ्ठ्या टाकून निवडावीत, शेतातली जागाही तशीच निवडावी. मग ठरल्या मापाचा चौकोन आखून त्यातले पीक कापावे, मळावे आणि तोलावे. पटवाऱ्याला काय वाटते, पाटलाला काय वाटते, हा प्रश्नच उरत नाही. सरकारी कागदांत याला पीक कापणी प्रयोग म्हणतात आणि आजही तो गावोगाव होतो.

यात सुखात्म्यांनी दाखविलेली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कापणीचा तुकडा अगदी लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. का? सीमारेषेवर जे ताट उभे असते ते आत धरावे की बाहेर, अशी शंका आली म्हणजे मनुष्याचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान, म्हणजे क्षेत्राच्या मानाने सीमा मोठी. त्यामुळे ही ओढाताण हिशेबात मोठी दिसू लागते. यात लबाडी कोणाचीच नसते. प्रामाणिक माणसाचाही हात कलतो, म्हणून मोजण्याची रीतच अशी हवी की तिला त्या हाताचा कल सोसता यावा. पुढे समुद्राच्या हिशेबात हीच गोष्ट अनेकांना अत्यंत महागात पडून कळली.

शेतावरून ही मंडळी समुद्राकडे वळली हे नवल नव्हे. स्वतंत्र झालेल्या देशाला धान्याइतकीच मासळीचीही मोजदाद हवी होती. देशातल्या समुद्री मासळीचे उत्पन्न नमुना पद्धतीने कसे अजमावावे, यावर सुखात्मे, पानसे आणि शास्त्री या तिघांचा निबंध 1958 साली ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इकडे 1947 साली स्थापन झालेली केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था ही पद्धत किनाऱ्यावर उतरवीत होती. संस्थेचे मुख्य ठाणे 1971 पासून कोचीला आहे, आणि मुंबईत वर्सोव्याला तिचे केंद्र आहे.

तिचा माणूस बंदरावर काय करतो ते ऐकण्यासारखे आहे. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडलेले असतात. पहिल्या पाच दिवसांतला एक दिवस चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निघतो. तेथून सलग सहा दिवस पाहणीचे, आणि त्यांच्या दोन-दोन दिवसांच्या तीन जोड्या. जोडीच्या पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा हा गृहस्थ धक्क्यावर उभा असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा पुन्हा हजर. मधल्या रात्री काय उतरले याची तो विचारपूस करतो. होड्या पंधरा किंवा त्याहून कमी आल्या तर प्रत्येक होडीची नोंद, अधिक आल्या तर ठरलेल्या प्रमाणात काहींची. कोणत्या जातीची मासळी, किती वजन, जाळे कोणते, किती तास समुद्रात होतात, हे सारे टिपले जाते. सातपाटीची असो, ससून डॉकची असो की रत्नागिरीच्या मिरकरवाड्याची, होडी धक्क्याला लागते तेव्हा तेथे लिलावाची घाई, बर्फाचा खडखडाट आणि टोपल्यांची पळापळ चाललेली असते. त्यात वही घेऊन उभे राहणे हे सोपे काम नव्हे. तांडेलाच्या मनात शंका असते की हा सरकारचा माणूस. याला खरे सांगितले तर उद्या कर बसेल, नाही तर बंदी येईल. ती शंका त्या माणसाने वर्षानुवर्षे तेथे उभे राहूनच घालवावयाची असते.

अशा हजारो नोंदींवरून देशाचा अंदाज निघतो, आणि येथून आकडे परदेशी निघतात. रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे कार्यालय आहे. संघटना 1945 साली स्थापन झाली आणि देशोदेशींच्या मासळीचे आकडे ती पहिल्या दशकापासून एकत्र करीत आली. तिच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालकपद 1950 च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे दोन दशके कोणाकडे होते? बुध गावच्या त्याच डॉ. सुखात्म्यांकडे. 1971 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. उत्तरायुष्य त्यांनी पुण्यात भुकेच्या आणि पोषणाच्या प्रश्नावर घालविले.

रोमच्या वहीत सगळ्या जगाचे पाणी क्रमांक दिलेल्या क्षेत्रांत वाटलेले आहे. आपला अरबी समुद्र ज्यात मोडतो ते पश्चिम हिंदी महासागराचे क्षेत्र 51. बंगालचा उपसागर ज्यात मोडतो ते पूर्वेकडचे क्षेत्र 57. क्षेत्र 51 मध्ये आपल्याबरोबर पाकिस्तान, इराण, ओमान, सोमालिया, टांझानिया अशी किती तरी मंडळी आहेत. एकमेकांशी बोलणे असो वा नसो, त्यांची मासळी एकाच पानावर मांडली जाते. अशी ही चाल नवी नाही. उत्तर युरोपातल्या देशांनी समुद्राचा अभ्यास एकत्र करावा म्हणून कोपनहेगनला मंडळ स्थापन केले ते 1902 साली.

कोणी म्हणेल, ज्याच्या पाण्यातला मासा त्याने मोजावा. दुसऱ्याशी काय देणे-घेणे? किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर आता त्या त्या देशाचा हक्क मानला जातो, भारतानेही 1976 साली त्याचा कायदा केला. पण हा कायदा माशाला कोणी वाचून दाखविलेला नाही. कुपा, ज्याला बाहेर ट्यूना म्हणतात, त्याचेच पाहा. 2005 ते 2009 या काळात पश्चिम हिंदी महासागरात, बहुतेक टांझानियाच्या बाजूला, कुपा जातीचे दीड लाखांहून अधिक मासे पकडून, त्यांच्या पाठीत प्लास्टिकची बारीक खूण टोचून पुन्हा पाण्यात सोडण्यात आले. ज्याला असा मासा सापडेल त्याने खूण परत करावी आणि बक्षीस न्यावे, अशी योजना होती. हजारो खुणा परत आल्या; कोणी होडीवरून पाठविल्या, कोणी मासळीचे डबे भरणाऱ्या कारखान्यातून. एका देशाच्या पाण्यात टोचलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यात आणि तिसऱ्याच्या डब्यात सापडला. अशा माशाचा मालक कोण म्हणावयाचा? आणि त्याची मोजदाद एकट्याने करावी तरी कोणी?

मोजदाद चुकली तर काय होते, याची दोन उदाहरणे जगाने पाहिली आहेत. पहिले कॅनडाच्या पूर्वेच्या न्यूफाउंडलंडचे. तेथला कॉड मासा पाचशे वर्षे युरोपला खाऊ घालीत आला. 1977 मध्ये कॅनडाने दोनशे मैलांचा हक्क बजावला, परक्या जहाजांना दूर केले आणि आता आपले राज्य, असे मानले. मोठ्या जहाजांना मासळी भरपूर मिळत होती, म्हणून शास्त्रज्ञांनी शिलकीचा अंदाजही भरपूर धरला. खरी गोष्ट अशी होती की मासे कमी होत गेले तसे उरलेले दाटीने एकत्र राहू लागले, आणि यंत्रे लावलेल्या जहाजांना ती दाटी बरोबर सापडत होती. किनाऱ्याजवळचे लहान मच्छीमार, आमच्या जाळ्यांत काही येत नाही, असे सांगत होते. त्यांच्या म्हणण्याला हिशेबात पुरती जागा मिळाली नाही. अखेर 2 जुलै 1992 रोजी मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचे काम गेले. ती बंदी उठली 2024 साली, तीही थोड्याशा मासळीपुरती. बत्तीस वर्षे! एक पिढी उमेदीत आली आणि निवृत्तीला टेकली.

दुसरे उदाहरण चीनचे. 1990 च्या दशकात जगाची मासळी वाढत असल्याचे आकडे सांगत होते. 2001 साली वॉटसन आणि पॉली या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखविले की चीनने कळविलेले आकडे तेथल्या समुद्राला झेपतील त्यांहून फार मोठे होते. कारण ऐकाल तर आमच्या पटवाऱ्याचीच आठवण येईल: उत्पन्न वाढले असे दाखविण्यावर तेथल्या स्थानिक अधिकाऱ्यांची बढती अवलंबून होती. चीनचे फुगीर आकडे बाजूला ठेवले तर जगाची मासळी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून घटतच होती. एका देशाच्या कचेऱ्यांतली शाई जास्त सांडली आणि साऱ्या जगाला, समुद्र अजून देतो आहे, असे वाटत राहिले.

असे होऊ नये म्हणून राष्ट्रांनी करारही केले आहेत. अनेक देशांच्या पाण्यांतून फिरणाऱ्या माशांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार 1995 साली झाला. कोणती माहिती गोळा करावी आणि ती एकमेकांस कशी द्यावी, याचे स्वतंत्र परिशिष्टच त्याला जोडलेले आहे. भारत 2003 साली त्यात सामील झाला. आपल्या महासागरापुरते पाहावयाचे तर हिंदी महासागर ट्यूना आयोग आहे. 1996 पासून तो चालू आहे, कचेरी सेशेल्स बेटांवर व्हिक्टोरिया येथे आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. सदस्य देशांनी मागील वर्षाचे आकडे पुढच्या वर्षीच्या 30 जूनपर्यंत द्यावयाचे असतात.

येथे तांडेलाची शंका पुन्हा उभी राहते, आता मोठ्या वेषात. आपली मासळीची जागा कोणता शहाणा दुसऱ्याला सांगेल? आयोगाने यावर तोडगा असा ठेवला आहे की समुद्रावर अक्षांश-रेखांशांच्या चौकटी आखाव्यात, लांब दोरीच्या गळांसाठी पाच-पाच अंशांच्या आणि मोठ्या वेढ्याच्या जाळ्यांसाठी एक-एक अंशाच्या, आणि आकडे चौकटीवार द्यावेत. एका अंशाची चौकट म्हणजेसुद्धा विषुववृत्ताजवळ सुमारे एकशे दहा किलोमीटरांची बाजू. एखाद्या जहाजाचे गुपित त्यात बुडून जाते, पण समुद्राची हकीकत कळते. गावाने एकत्र हिशेब मांडावा, पण कोणाच्या घरातले उतरंडीचे मडके उघडू नये, अशी ही युक्ती आहे.

युक्ती चांगली असली तरी सगळे आकडे वेळेवर येतात असे नाही. जेथे नोंद येत नाही तेथे आयोगाच्या लोकांना अदमासाने जागा भरावी लागते. 2015 साली पिवळ्या परांच्या कुप्याची मासेमारी हद्दीबाहेर गेली असून साठा खालावला आहे, असा निष्कर्ष निघाला. 2016 पासून तो सावरण्याची योजना आली, आणि 2024 च्या मूल्यमापनात साठा धोक्याच्या रेषेबाहेर आल्याचे दिसले. या योजनांवरून वादही पुष्कळ झाले. दूरच्या श्रीमंत देशांची मोठमोठी जहाजे दशकानुदशके येथला कुपा नेत आली. आता कपातीची कुऱ्हाड किनाऱ्यावरच्या लहान होड्यांवर का, असे आपल्यासारखे देश विचारतात. हा प्रश्न रास्त आहे.

पण त्याच प्रश्नाच्या पोटात आपल्या घरची एक गोष्ट दडली आहे. कोणत्या देशाला किती वाटा द्यावा याची बोलणी आयोगात किती तरी वर्षे चालू आहेत आणि त्यात जुन्या नोंदींना वजन आहे. ज्याने पन्नास वर्षांची वही नीट ठेवली तो ती टेबलावर मांडतो. ज्याच्या लहान होडीवाल्यांची मासळी कोणी लिहिलीच नाही, त्याने आम्हीही पकडत होतो असे म्हणावयाचे कशाच्या आधारावर? सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाची जी अवस्था, तीच त्याची. तांडेलाला वाटते, आकडा सांगितला तर आपला हक्क जाईल; खरे म्हणजे न सांगितलेल्या आकड्यावरच हक्क जाण्याचे भय अधिक आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या हिशेबाची फळे आता नियमांच्या रूपाने दिसू लागली आहेत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो. 2023 साली चंदेरी पापलेट हा राज्याचा मासा ठरला आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी, याहून लहान पकडू नये, अशी मापे सरकारने ठरवून दिली. एखादा मासा एकदा तरी अंडी घालण्याच्या वयाला पोचावा, हा त्यामागचा हेतू. ते वय, ती लांबी सांगते कोण? तर धक्क्यावर उभे राहून मासे मोजणारी आणि त्यांचे पोट चिरून पाहणारी माणसेच.

मराठी शिकविणाऱ्या माणसाला यात एकच गोष्ट सुचवावीशी वाटते. आकडा सातपाटीहून निघतो, कोचीला जातो, तेथून रोमला आणि व्हिक्टोरियाला जातो; जाताना तो इंग्रजी शिकतो, मोठमोठ्या सभांत मान मिळवितो. त्याने माहेरीही यावे. पापलेट यंदा किती आला, कोणत्या मापाचा आला, गेल्या दहा वर्षांशी ताडून पाहता काय दिसते, हे ज्याच्या होडीतून तो आकडा उचलला त्या तांडेलाला आणि लिलावात बसणाऱ्या कोळणीला त्यांच्या भाषेत, त्यांच्या माशांच्या नावांनी वर्षाकाठी वाचावयास मिळाले पाहिजे. दुसऱ्या देशाशी माहितीची देवाणघेवाण करावयाची ती कराच. पण जो पहिली नोंद देतो त्याच्याशी ती आधी झाली, तर वहीत येणारी पुढची नोंद अधिक खरी येईल. पारावर पैसेवारी जाहीर झाली म्हणजे गावकरी निदान तिच्यावर भांडू शकतात. समुद्राच्या आणेवारीवर भांडण्याचा तेवढा अधिकार कोळीवाड्यालाही असावा.